‘हॉटेलातलं वाजवणं’ म्हणणाऱ्यांना

यंदाही चवथीच्या मैफलीतून आमच्या वाड्यावरच्या सॅक्सोफोनवाल्या मुलाचं नाव मंडळाने खोडलं. कारण काय, तर "ते हॉटेलातलं वाजवणं. आपल्याकडे शास्त्रीयच हवं." म्हणणारे माझेच नातेवाईक आहेत, म्हणून नावं घेत नाही. पण गप्पही बसणार नाही.

या मुलाचे आजोबा मुंबईत हॉटेलांत आणि सिनेमाच्या स्टुडिओत वाजवून म्हातारपणी गावी परतले. आमचे काका तबलजी, उभा जन्म साथसंगतीत गेला. दोघांच्या गप्पा आमच्या ओसरीवर रंगायच्या. मी शाळकरी, चहाचे कप नेणारा. एकदा काका सरळच बोलले, "बाब, तुम्ही कागद बघून वाजवता. आमचं जागच्या जागी सुचतं."

म्हातारा हसला. "कागदार कितें आसता? चाल नि कॉर्ड. बाकी सगळं आमचंच."

मग सॅक्सवर एक चाल वाजवून म्हणाला, मोजा. काका मांडीवर त्रिताल धरून बसले. बत्तीस बारांचा एक फेरा, बाराला चार मात्रा, म्हणजे 128. त्रितालाची बरोब्बर आठ आवर्तनं! दुसऱ्या फेऱ्यात चाल कुठल्या कुठे गेली, ओळखू येईना. आणि फेरा संपताना पुन्हा पहिल्या मात्रेवर असा अलगद उतरला की काकांच्या तोंडून ‘क्या बात है’ निघून गेलं.

आता "सगळं संगीत एकच" असलं गुळमुळीत मी म्हणणार नाही. ते दोघंही कधी म्हणाले नाहीत. म्हातारा म्हणायचा, "तुमचा सा तंबोऱ्यात ठाण मांडून असतो. आमची जमीन पायाखाली सारखी सरकते. आत्ता गोड लागलेला सूर पुढच्या बारात बोचतो." कॉर्डच्या गर्दीत मींड चिरडते, हा काकांचा आक्षेप शेवटपर्यंत राहिला. पण तो ऐकून घेतलेला आक्षेप होता हो! न ऐकता नाव खोडणं वेगळं.

आणि घरात काय ऐकता? ‘अलबेला’ची गाणी लागली की तुम्हीच ताल धरता ना? तिथे सी. रामचंद्रांच्या जोडीला हळदोण्याचा चिक चॉकलेट होता, हॉटेलांत ट्रम्पेट वाजवणारा. शंकर-जयकिशनचा वाद्यवृंद बांधणारे सेबास्टियन डिसोझा गोव्याचे. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे. म्हणजे रेडिओतून आलेलं चालतं, शेजारच्या अंगणातून आलेलं चालत नाही.

‘शास्त्रीय’चा अभिमान तरी कुणापुढे मिरवता? आज दीप लावताना केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशी नावं घेतो. त्या कलावंत घराण्यांतल्या बायकांचं गाणं आपल्या पूर्वजांना हवं असायचं, पंगतीत त्यांचं पान मात्र मांडलं जात नसे. तेव्हाही गाण्याआधी गाणाऱ्याची जात बघितली, आताही तेच चाललंय. फक्त शब्द ‘हॉटेल’ झालाय.

माझी वर्गणी यंदा मंडळाला मिळणार नाही. चवथीनंतरच्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तो मुलगा आमच्या ओसरीवर वाजवणार आहे, तबल्याला काकांचा शिष्य. खुर्च्या कमी आहेत, येताना आपापली आणा. मंडळींनीही यावं. मात्रा मोजायला मांडी पुरते.