अपडेटचं बटण कुणी दाबायचं? घरातल्या स्टोरेज बॉक्सच्या फर्मवेअरची गोष्ट

जून २०२१. या एका महिन्यात दोन गोष्टी घडल्या.

१ जूनपासून गुगल फोटोजवरची फुकट, अमर्याद जागा बंद झाली. तोपर्यंत आपण बिनधास्त फोटो काढत होतो आणि क्लाउडवर टाकत होतो. आता १५ जीबीचा हिशोब सुरू झाला. दर महिन्याला पैसे भरण्यापेक्षा घरातच स्वतःचं स्टोरेज घेऊन ठेवलं तर? हा विचार तेव्हा बऱ्याच जणांच्या डोक्यात आला.

आणि त्याच महिन्यात, २३ जूनच्या सुमारास, असं स्टोरेज आधीपासून घरी असलेल्या लोकांनी आपले फोल्डर उघडले, तर ते रिकामे. डिव्हाइस होतं वेस्टर्न डिजिटल कंपनीचं ‘माय बुक लाइव्ह’. वर्षानुवर्षांचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं गायब. घरातल्या कुणीच काही डिलीट केलं नव्हतं. इंटरनेटवरून कुणीतरी त्या डिव्हाइसला फॅक्टरी रिसेटची आज्ञा दिली होती आणि त्याने ती निमूटपणे पाळली होती.

‘अपडेट केलं असतं तर वाचले असते’ असं म्हणणं सोपं आहे. पण या डिव्हाइससाठी शेवटचं अपडेट २०१५ मध्येच आलं होतं. करायला अपडेटच नव्हतं.

आधी थोडं बेसिक

नेटवर्क स्टोरेज, म्हणजेच नॅस, हा तुमच्या राउटरला जोडलेला एक छोटा कॉम्प्युटर असतो. आत एक किंवा अनेक हार्ड डिस्क. घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही त्यावरून फाइल्स घेऊ शकतात. फोनमधले फोटो आपोआप त्यावर जातात. सिनॉलॉजी, क्यूनॅप, वेस्टर्न डिजिटल ही यातली ओळखीची नावं.

या डब्याला चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. फोनमध्ये जसं अँड्रॉइड, तसं इथे हे. लॉगिन बरोबर आहे का, कुणाला कोणती फाइल दाखवायची, बाहेरून आलेल्या कनेक्शनला आत घ्यायचं की नाही, हे सगळं तेच ठरवतं. म्हणून फर्मवेअरमधली एक चूक म्हणजे घराचं दार सताड उघडं.

माय बुक लाइव्हमध्ये नेमकं हेच झालं. रिसेट करण्यापूर्वी पासवर्ड विचारायचा, असा कोड त्यात लिहिलेला होता. पण तो चालू नव्हता. एप्रिल २०११ मध्ये लॉगिन तपासणाऱ्या कोडची नव्याने मांडणी करताना ही चूक घुसली, असं कंपनीनेच नंतर सांगितलं. म्हणजे दहा वर्षं ते दार नुसतं लोटलेलं होतं. त्याशिवाय बाहेरून आज्ञा चालवू देणारी दुसरी एक त्रुटी २०१८ पासून जाहीर होती. तिलाही दुरुस्ती आली नाही, कारण कंपनीच्या लेखी ते प्रॉडक्ट जुनं झालं होतं. हल्ल्यानंतर कंपनीने डेटा रिकव्हरीची सोय दिली. पण अपडेट बंद झाल्याचा खरा अर्थ लोकांना कळला तो डेटा गेल्यावर.

अपडेट होतं, पण कुणी केलं नाही

आता उलटी केस बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘सायनोलॉकर’ नावाच्या रॅन्समवेअरने सिनॉलॉजीच्या डिव्हाइसवरच्या फाइल्स लॉक केल्या आणि सोडवण्यासाठी ०.६ बिटकॉइन मागितले. ज्या त्रुटीतून तो आत शिरला, तिची दुरुस्ती कंपनीने डिसेंबर २०१३ मध्येच दिली होती. हातात तब्बल आठ महिने होते.

लोक इतके निष्काळजी असतात का? तसं नाही. फोन आपण दिवसातून शंभरदा बघतो, त्यामुळे अपडेटची सूचना डोळ्यांसमोर येते. नॅस मात्र टीव्हीच्या मागे, कपाटावर, धूळ खात पडलेलं असतं. ते चालू आहे ना, मग झालं. एकदा सेटअप करून दिला की त्याच्या ॲडमिन पेजवर कुणी फिरकत नाही.

मग कंपनीनेच परस्पर अपडेट केलं तर?

हा प्रयोगही झाला आहे. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ रॅन्समवेअरने क्यूनॅपच्या डिव्हाइसवर हल्ला केला. प्रत्येक मालकाकडून ०.०३ बिटकॉइनची मागणी. हल्लेखोरांनी कंपनीलाही ऑफर दिली: ५ बिटकॉइन द्या, त्रुटी कुठे आहे ते सांगतो, ५० द्या, सगळ्यांच्या फाइल्स उघडणारी किल्ली देतो.

कंपनीने तातडीने नवं फर्मवेअर थेट डिव्हाइसवर ढकललं. हेतू उघड होता: ज्यांच्यावर अजून हल्ला झालेला नाही, त्यांना वाचवायचं. पण आपण ऑटो अपडेट बंद ठेवलं होतं, तरीही अपडेट झालंच, असं काही युझर्सचं म्हणणं होतं. काहींचं कनेक्शन अपडेटनंतर तुटलं. आणि सगळ्यात विचित्र अवस्था झाली ती खंडणी भरलेल्यांची. अपडेटमुळे खंडणीचं ते पानच पुसलं गेलं. किल्ली हातात, पण ती टाकायची जागाच नाही!

मग कंपनी चुकली का? माझ्या मते पूर्णपणे नाही. आग लागल्यावर दार तोडणारा शेजारी चुकीचा नसतो. पण दार तोडण्याची वेळ येऊ नये, यासाठी ऑटो अपडेट म्हणजे नक्की काय, ते कधी होईल, थांबवायचं कसं, हे मालकाला आधीच सरळ भाषेत कळायला हवं होतं.

लोक अपडेट टाळतात, त्यालाही कारण आहे

ऑगस्ट २०२४ मध्ये सिनॉलॉजीच्या डीएसएम ७.२.२ या व्हर्जनमधून ‘व्हिडिओ स्टेशन’ हे ॲप काढून टाकलं गेलं. एचईव्हीसी फॉरमॅटचे व्हिडिओ नॅसवर प्रोसेस करण्याची सोयही गेली. आजच्या अनेक फोनमधले व्हिडिओ याच फॉरमॅटमध्ये असतात. आता विचार करा. तुम्ही ज्या फीचरसाठी पैसे मोजले, तेच अपडेटनंतर जाणार असेल, तर तुम्ही बटण दाबाल? वर मागे फिरायची सोय नाही, कारण सिनॉलॉजीमध्ये जुन्या व्हर्जनवर परत जाणं अधिकृतपणे शक्य नसतं.

कंपन्या सुरक्षेची दुरुस्ती आणि फीचरमधले बदल एकाच पुडीत बांधून देतात, तेव्हा लोक दोन्ही नाकारतात. आणि तोटा होतो सुरक्षेचा.

दोन महिन्यांनीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आयर्लंडमधल्या ‘पॉन-टू-ओन’ या हॅकिंग स्पर्धेत संशोधकांनी सिनॉलॉजी फोटोज या ॲपमधली गंभीर त्रुटी दाखवली. मालकाने कुठेही क्लिक न करता डिव्हाइसचा ताबा घेता येत होता. दुरुस्ती काही दिवसांतच आली. पण ती आली ॲपच्या अपडेटमधून. म्हणजे फर्मवेअर नवं, पण ॲप जुनं असेल, तर काम अर्धंच झालेलं असतं.

तुम्ही काय करायचं?

१. आधी बॅकअप. अपडेटमध्ये तुमच्या फाइल्स सहसा पुसल्या जात नाहीत. पण ‘सहसा’ या शब्दावर घरच्या आठवणी ठेवू नका. महत्त्वाच्या फाइल्सच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. दोन डिस्कवर एकच डेटा आपोआप लिहिणारी रेड पद्धत म्हणजे बॅकअप नाही. एक डिस्क बिघडली तर ती वाचवते, पण फाइल डिलीट झाली किंवा लॉक झाली तर दोन्हीकडे होते.

२. मॉडेल नंबर नीट बघा. एका अक्षराच्या फरकाने फर्मवेअर वेगळं असतं. डाउनलोड फक्त डिव्हाइसच्या ॲडमिन पेजवरून किंवा कंपनीच्या साइटवरूनच.

३. रिलीज नोट्स वाचा. त्यात सुरक्षेची दुरुस्ती असेल तर त्याच दिवशी करा. मोठं नवं व्हर्जन असेल तर काय काढलंय ते बघा आणि हवं तर आठ-दहा दिवस थांबा.

४. विजेची सोय करा. अपडेट अर्धवट असताना लाइट गेली तर डिव्हाइस सुरूच न होण्याची भीती असते. पावसाळ्यात वीज येऊन-जाऊन असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका. बाकीची कामं थांबवा आणि ते पूर्ण होईपर्यंत स्विच बंद करू नका, कितीही वेळ लागला तरी.

५. झाल्यावर तपासा. व्हर्जन बदललं का, डिस्क ठीक दिसतात का, फोनचा फोटो बॅकअप चालू आहे का. मग आतली ॲप्सही अपडेट करा.

६. बाहेरचं दार बंद. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी गरज नसेल तर बंद करा. डेडबोल्टने गाठले ते थेट इंटरनेटवर उघडे असलेले डबे. बाहेरून फाइल्स हव्याच असतील तर व्हीपीएन वापरा.

आणि सपोर्ट संपलेलं डिव्हाइस असेल तर? ते इंटरनेटपासून तोडा, डेटा दुसरीकडे हलवा. जुनी डिस्क म्हणून कपाटात ठेवायला हरकत नाही.

खोक्यावर काय छापलेलं नाही?

बिस्किटाच्या पुड्यावर एक्सपायरी असते. पाच-दहा हजारांच्या नॅसच्या खोक्यावर मात्र ‘अपडेट अमुक वर्षापर्यंत मिळतील’ असं लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही. फोनच्या बाबतीत हे बदललं. गुगलने पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ साठी सात वर्षांचं आश्वासन दिलं आणि आता फोन घेताना आपण तो आकडा विचारतो.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडणाऱ्या घरगुती वस्तूंसाठी किमान किती काळ सुरक्षा अपडेट मिळतील, हे जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. युरोपियन युनियनचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट त्याहून पुढे जातो. त्यातले मुख्य नियम ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. साधारणपणे किमान पाच वर्षं सपोर्ट, आणि सुरक्षा अपडेट मूळ सेटिंगमध्येच ऑटोमॅटिक. पण ते बंद करण्याची सोपी सोय आणि पुढे ढकलण्याचा पर्याय मालकाकडे.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. बटण कंपनीने दाबावं, पण ते थांबवायचा अधिकार तुमच्याकडे असावा. आणि ते बटण किती वर्षं चालणार, हे पैसे देण्याआधी कळावं.

तोवर एक काम आजच करा. घरातल्या त्या डब्यावरची धूळ झटका, मॉडेल नंबर बघा आणि शेवटचं अपडेट कधीचं आहे ते शोधा. उत्तर २०१५ असं आलं, तर आज रात्रीच कॉपी करायला लावा.