ओळख दाखवायची का?
गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात व्यसन किंवा मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या मदतगटातला कुणी समोर आला, तर ओळख दाखवायची का? नाशकात हा प्रश्न पुस्तकी नाही. इथे कुणीही कुणाचा तरी मामेभाऊ निघतोच. आणि अशा गटांत आधार देणारा सोबतीही त्यातूनच सावरलेला असतो. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनातून सावरलेल्यांनाच कार्यकर्ते केले. ‘मीही यातून गेलोय’ हे त्यांना म्हणता येतं, डॉक्टरला सहसा नाही. पण त्याच जवळिकीत सोबत्याची आपलीच गोष्ट लांबते, हातउसने दिले जातात, ‘गोळ्या सोड’ असंही तोंडून जातं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचं बंधन आरोग्य व्यावसायिकांवर घातलं. सावरलेल्या सोबत्याचं काय? बाजारापुरतं आमचं मत असं: समोरच्याने हाक मारेपर्यंत मेथीच निवडत राहावी.