फंडाचा पगार करा

विरारजवळच्या बोळिंजच्या नव्या इमारतींमध्ये राहणारी निवृत्त मंडळी बहुतेक मुंबईतून आलेली. कुणी लालबाग-परळची खोली विकून आलं, कुणाला म्हाडाचं घर लागलं, कुणी मुलाच्या गृहकर्जात आपलीही भर घातली. मूळ गावातल्या वाडीवाल्यांकडे निदान विहीर, केळी, फुलं, नारळ असतात. आमच्याकडे वन बीएचके आणि बँकेत आलेला फंड. नोकरी खाजगी कंपनीतली, त्यामुळे पेन्शन म्हणजे ईपीएस-95, पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना. घराची किंमत चाळीस लाख असली तरी दुधाचं बिल घराच्या किमतीतून भागत नाही. निवृत्तीनंतर एकच प्रश्न उरतो, दर महिन्याला हातात काय पडणार?

ईपीएस-95 चा हिशेब एकदा तरी प्रत्येकाने कागदावर करून बघावा. मालकाच्या पीएफ हिश्शातले 8.33 टक्के या योजनेत जातात, पण तेही 15,000 रुपये पगार धरून. म्हणजे खरा पगार पन्नास हजार असला तरी महिन्याला जमा होतात फक्त 1,250. सप्टेंबर 2014 च्या आधी ही पगारमर्यादा 6,500 होती. पेन्शनचं सूत्र सोपं आहे, धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. योजना सुरू झाली त्या नोव्हेंबर 1995 पासून 2023 पर्यंत सलग 28 वर्षं नोकरी केलेला माणूस घ्या. पहिल्या 19 वर्षांचे होतात 1,764 रुपये, नंतरच्या 9 वर्षांचे 1,929. वीस वर्षांहून जास्त सेवेबद्दल मिळणारी दोन वर्षं त्यात धरली तरी आकडा चार हजारांच्या आसपासच राहतो. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्यात जे आलं तेच विसाव्या वर्षीही येणार. पेन्शनर गेल्यावर पत्नीला त्याच्या निम्मं.

म्हणून पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यात जमा होते तो दिवस फार जपण्याचा. आयुष्यात एवढा आकडा पासबुकात पहिल्यांदाच दिसतो आणि माणसाला आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. आठवड्याभरात घरात विषय निघू लागतात. मुलाला मोठी जागा घ्यायची आहे, मुलीच्या घरी अडचण आहे, गावच्या घरावर पत्रे टाकायचे आहेत, बँकेतला ओळखीचा माणूस विम्याची पॉलिसी घेऊन येतो. यातली एकही मागणी खोटी नसते. पण ही रक्कम पुढच्या पंचवीस वर्षांचा पगार आहे आणि तो आगाऊ एकदम मिळालाय, हे त्या आठवड्यात कुणाच्याच ध्यानात नसतं.

माझं सांगणं एवढंच आहे की आधी या रकमेचा पगार करा, मग उरलेल्यातून देणंघेणं. पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्यासाठीच आहे. 60 पूर्ण झालेल्यांना ती खुली आहे. 58 व्या वर्षी निवृत्त झालेल्यालाही निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. ही मुदत अनेकांना माहीत नसते आणि ती हातची जाते. एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल 2023 मध्ये दर 8.2 टक्के झाला, आणि खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. 20 लाख ठेवले तर 8.2 ने दर तीन महिन्यांनी 41,000 रुपये व्याज मिळतं, महिन्याचे झाले साडेतेरा हजारांहून थोडे जास्त. त्यात पेन्शनचे चार हजार मिळवा. साडेसतरा हजारांत बोळिंजमध्ये दोन माणसांचं घर चालतं, मात्र घर स्वतःचं हवं आणि वही लिहायला हवी.

आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींची वही मी पाहिली आहे. डाव्या पानावर महिन्याचे खर्च. सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल, गॅस, दूध, किराणा, भाजी, बीपी-शुगरच्या गोळ्या, मोबाईलचं रिचार्ज. गोळ्यांपुढे दोन आकडे, आधीचा आणि जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागल्यापासूनचा. दुसरा बराच खाली. उजव्या पानावर वर्षातून एकदाच येणारे खर्च. घरपट्टी, मेडिक्लेमचा हप्ता, गणपतीला कोकणात जाणं, लग्नातले आहेर, चष्मा, दाताचं काम. त्या सगळ्यांची बेरीज करून तिला बाराने भागलेलं आणि येणारा आकडा डाव्या पानावर महिन्याच्या खर्चात धरलेला. निवृत्त माणसाचा हिशेब बिघडतो तो बहुतेक उजव्या पानामुळे. महिना नीट चाललेला असतो, मेडिक्लेमचा हप्ता येतो आणि एफडी मोडावी लागते. एकदा एफडी मोडली की पुढचं व्याजही कमी होतं.

सवलतींचंही एक पान असावं. एसटीत 65 ते 75 वयाला निम्मं तिकीट, ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. मार्च 2023 पासून बायकांना कुठल्याही वयात निम्मं. अर्नाळ्याला फिरायला जायचं असो की गावी, हा फरक जाणवतो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये थांबली ती थांबलीच. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी पार केलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं. सत्तरी पार केली असेल त्यांनी ते आजच काढून ठेवावं, दुखणं आल्यावर धावपळ करायला कुणाला वेळ नसतो.

आता महागाई. दरसाल सहा टक्क्यांनी भाव वाढले तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. 58 ला साडेसतरा हजारांत चालणारं घर सत्तरीत पस्तीस हजार मागेल. म्हणून सुरुवातीपासूनच हात आखडायचा, आलेलं सगळं व्याज खर्चायचं नाही. तिमाहीच्या 41,000 तले पाच-सहा हजार आवर्ती ठेवीत टाकले तर निदान थोडी भर पडत राहते. पहिली दहा वर्षं हातपाय चालतात, त्या काळात ही शिस्त जमते. नंतर औषधांचा खर्च ती जमू देत नाही.

नावाचं कामही पहिल्याच वर्षी उरकावं. नॉमिनी लिहिला म्हणजे झालं, अशी अनेकांची समजूत आहे. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत स्पष्ट सांगितलं की नॉमिनी मालक होत नाही, मालमत्ता वारसांची. म्हणून मृत्युपत्र हवं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून केलेलंही चालतं. आणि राहतं घर जिवंतपणी मुलाच्या नावावर करायचंच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहूनच करावं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातल्या कलम 23 नुसार ती अट मोडली तर न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द करू शकतं, पण अट कागदावर नसली तर भांडणं अवघड होतं. आपल्या मुलांवर विश्वास असतोच. तरीही दोघांपैकी मागे एकटी राहणार ती बहुतेक वेळा पत्नी, आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर कुणाच्या मर्जीवर असू नये. तिच्या नावाचं वेगळं खातं हवं, त्याचं एटीएम कार्ड तिला स्वतःला वापरता यायला हवं, आणि कुठे किती ठेवलंय हे तिला तोंडपाठ हवं. पोलीस किंवा सीबीआय असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर धमकावणाऱ्यांची गाठ अनेकदा घरात एकट्या असलेल्या माणसाशी पडते. फोन बंद करायचा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवायचं, एवढं दोघांनाही माहीत असावं.

हे सगळं केलं तरी एक गोष्ट आपल्या हातात नाही. ईपीएसची किमान पेन्शन 2014 साली 1,000 रुपये ठरली. बुलढाण्यातून उभं राहिलेलं पेन्शनरांचं आंदोलन 7,500 रुपये आणि महागाई भत्ता मागतं आहे आणि ती मागणी रास्त आहे. विरार लोकलला लटकून ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं कारखाने आणि कचेऱ्या चालवल्या, त्यांना महिन्याच्या किराण्याइतकं तरी मिळायला हवं. ज्यांना फंडच जेमतेम मिळाला, त्यांच्या वहीत कितीही शिस्त आणली तरी हजार रुपयांचे सतरा हजार होत नाहीत. सभागृहात हा प्रश्न लावून धरा, असं आपल्या खासदाराला पत्र लिहायला पेन्शनर असण्याची गरज नाही. पुढच्या दहा वर्षांत निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाने ते लिहावं.