कडू पेयाची परीक्षा

सोवळ्याओवळ्यांत वाढलेल्या घरीं हा विषय निघावा, याचें कांहीं वडील वाचकांस नवल वाटेल. परंतु पुण्यामुंबईस नोकरीनिमित्त राहणारीं आपलीं मुलें जें पेय मित्रमंडळींत उघडपणें घेतात, त्याचें नांवच घरांत काढूं नये, यापेक्षां तें एकदां पारखून पाहावें हें बरें. आमच्या लोहाऱ्यास ज्वारी-तुरीचे पारखी पुष्कळ. बिअरचा पारखी आम्हांस कोणी भेटला नाहीं. म्हणून गेल्या खेपेस पुण्यास गेलों असतां, चिरंजीवांच्या आग्रहावरून (आणि सरकारी परवाना रीतसर काढून) 'डबल आयपीए' नांवाची बिअर आम्हीं चाखून पाहिली.

पुण्यास हें लोण अगदींच नवें नव्हे. तेथें 'डूलॅली' नांवाची लहान भट्टी २००९ सालीं निघाली. हें नांव म्हणजे गोऱ्या सोजिरांच्या तोंडीं मोडलेली आपली नाशकाजवळची देवळालीच! आयपीए म्हणजे 'इंडिया पेल एल'. नांव आपल्या देशाचें, पेय विलायतेचें. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनच्या भट्टींतून इकडे येणाऱ्या बिअरींत हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें अधिक घालीत. तीं कडू, तशींच टिकाऊपणा देणारीं. तिची 'डबल' आवृत्ति १९९४ सालीं कॅलिफोर्नियांत व्हिनी सिलुर्झो यांनीं काढली, असें मानतात.

हॉपचें पाकशास्त्र गृहिणींस सहज कळेल. मोड आणून वाळविलेल्या सातूच्या रसांत हीं फुलें तासभर उकळलीं कीं कडूपणा उतरतो, पण वास उडून जातो. म्हणून वासासाठीं तींच फुलें शेवटीं, किंवा रस निवल्यावर पुनः घालतात. फोडणीचा हिंग वेगळा आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर वेगळी, तसेंच हें. हा वास अल्पायुषी असल्यामुळें कॅनवरील तारीख पाहून ताजाच माल घ्यावा, आणि तो बर्फासारखा गार करूं नये.

आमच्या पेल्यांतील बिअर तांबूस सोनेरी होती. नाकाशीं नेतांच पपनसाची साल, पिकला आंबा आणि किंचित् राळ. वास इतका प्रसन्न कीं, पहिला घोट घेण्यास आम्हीं उशीरच केला. जिभेवर आधीं सातूचा गोडवा, मागून कडूपणा. पाडव्यास कडुनिंब चावणाऱ्या आपल्या जिभेस कडूपणाची जात कोणी शिकवावयास नको. कारल्याचा कडूपणा घासाबरोबर येतो आणि घासाबरोबर जातो. करपलेल्या मेथीचा घशास चिकटून बसतो. आमच्या पेल्यांतला तीन घोटांपर्यंत कारल्याचा होता, पुढें मेथीचा झाला. वासास पूर्ण गुण देऊं, शेवटास निम्मे.

जें चवीस कळत नाहीं, तें मात्र डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलें असतें. या बिअरींत शेंकडा ८ भाग मद्यार्क होता; साध्या बिअरींत तो सुमारें ५ असतो. अर्ध्या लिटरच्या कॅनांत ४० मिलिलिटर मद्यार्क, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलिलिटरचे ३ पेग! फळांच्या वासाखालीं हा जोर असा दडतो कीं, चिरंजीवांचे एक स्नेही "बिअरच तर आहे, काका," म्हणत दुसरा कॅन फोडूं लागले. त्यांस आम्हीं हा हिशेब कागदावर मांडून दाखविला. दुसरा कॅन पुनः फ्रिजमध्यें गेला. आणि पहिला आधींच पोटांत गेला असल्यामुळें त्यांच्या दुचाकीची किल्ली त्या रात्रीं आम्हीं आपल्याजवळच ठेवून घेतली.