शाळांचा कारभारी ठरतो तेव्हा घरी बसू नका

एक दिवस तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टकडून ईमेल येतो. सुपरिंटेंडेंट निवृत्त होत आहेत, नव्या माणसाचा शोध सुरू झाला आहे, पालकांनी सोबतचा फॉर्म भरावा. तुम्ही कामात असता. नंतर बघू म्हणून ठेवून देता. काही महिन्यांनी नवा माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि त्याचं नाव नीट कसं उच्चारायचं हेही घरात कुणाला ठाऊक नसतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईवडिलांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. नातवंडांसाठी सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहणाऱ्या आजी-आजोबांनीही वाचावं. शाळेच्या बसची वाट बघत कोपऱ्यावर तेच तर उभे असतात.

घर घेताना तुम्ही शाळा पाहूनच घेतलंत. एडिसन की वेस्ट विंडसर, फ्रिस्को की प्लेनो, यावर घरात किती वाद झाले असतील! त्या शाळांसाठी मोठं कर्ज डोक्यावर घेतलंत. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्समधला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांकडेच जातो. म्हणजे दर तीन महिन्यांनी तुम्ही तो भरता. मग तो खर्च कोण करणार, हे ठरत असताना आपण तिथे नको का?

आपल्याला ही सवय नाही, हे खरं आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेचा शिक्षणाधिकारी सरकार पाठवतं. बदली झाली की दुसरा येतो. आईवडिलांना कुणी विचारत नाही, आणि आपल्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. अमेरिकेत सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि बहुतेक ठिकाणी गावातले लोक स्कूल बोर्ड निवडून देतात. ते बोर्ड सुपरिंटेंडेंट नेमतं. सगळीकडे सारखं नाही बरं. न्यूयॉर्क शहरात शाळांचा प्रमुख महापौर नेमतो. फ्लोरिडाच्या बऱ्याच काउंट्यांत सुपरिंटेंडेंट थेट मतांनी निवडून येतो. तेव्हा पहिलं काम हे, की आपल्या गावात कोण कुणाला निवडतं ते शोधा. डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात एक फोन केलात तरी सांगतील.

सुपरिंटेंडेंट म्हणजे लांबचा कुणी साहेब, असं वाटतं. तसं नाही. तो तुमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचतो.

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टचंच घ्या. तिथे निम्म्याहून जास्त मुलं आशियाई वंशाची. २०१५ साली तिथले सुपरिंटेंडेंट डेव्हिड अडरहोल्ड यांनी पालकांना लांबलचक पत्र लिहिलं. मुलांवर फार ताण आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या. काही रात्री गृहपाठ नाही, असं ठरलं. गणितात पुढे असलेल्या मुलांचा वेगळा वर्ग चौथीत सुरू व्हायचा, तो सहावीवर नेला. गावात दोन तट पडले. अनेक आशियाई पालकांना वाटलं की आपल्या मुलांचे पाय ओढले जात आहेत. दुसरे म्हणत होते, मुलं खचत आहेत, त्यांना श्वास घेऊ द्या.

कोण बरोबर, हे मी सांगत नाही. माझं मत विचाराल तर ताणाची गोष्ट आपल्या घरांत फार हसण्यावारी नेली जाते. पण इथे मुद्दा वेगळा आहे. हा माणूस नेमला जात होता तेव्हा त्याला गृहपाठाबद्दल, गणिताबद्दल काय वाटतं हे विचारायला किती जण गेले होते? निर्णय झाल्यावर हॉल भरतो. माणूस निवडायच्या वेळी खुर्च्या रिकाम्या असतात.

आता बसचं बघा. न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल, आणि हायस्कूलच्या मुलाचं अडीच मैलांहून, तर बस देणं डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे. त्याहून जवळ राहणाऱ्यांना मिळते ती मेहेरबानी. पैसे कमी पडले की कात्री अनेकदा तिथेच लागते. तुम्ही दोघं कामावर, बाहेर बर्फ, आणि मुलाला पावणेदोन मैलांवरच्या शाळेत जायचंय. कुठे कापायचं, याचा पहिला कागद सुपरिंटेंडेंटच्या टेबलावरून निघतो.

काय करायचं ते सांगतो. त्याआधी एक सावधगिरीची गोष्ट, कारण तिच्यात चूक झाली तर घर हलतं.

तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल तर मत देऊ नका. एच-वन असो, ग्रीन कार्ड असो, मतदार म्हणून नावही नोंदवू नका. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना फॉर्मवर मतदार नोंदणीचा चौकोन असतो. घाईत तिथे खूण करू नका. नंतर नागरिकत्वाच्या अर्जात ते निघतं, आणि देश सोडायची पाळी येऊ शकते. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांना फक्त स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येतं. पण तिथेही आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मगच पुढे जा.

मात्र मत नाही म्हणजे तोंडही नाही, असं समजू नका. बोर्डाच्या सभेला कुणीही जाऊ शकतं. तुम्ही गावात राहता, मूल शाळेत आहे, एवढं पुरे. न्यू जर्सीत तर बोर्डाने प्रत्येक जाहीर सभेत लोकांना बोलायला वेळ ठेवलाच पाहिजे, असा कायदा आहे.

तर, तो फॉर्म भरा. आजच भरा. आणि त्यात ‘चांगला, अनुभवी, प्रामाणिक माणूस हवा’ असं लिहू नका. ते सगळेच लिहितात. तुमच्या घरात काय अडतं ते लिहा. शाळा साडेसातला सुरू होते आणि मूल झोपेतच जातं. शाकाहारी मुलाला डब्याशिवाय काही मिळत नाही. मुलगी गणितात पुढे आहे आणि वर्गात कंटाळते. मुलगा वाचताना अडखळतो आणि त्याला मदत मिळायला वर्ष गेलं.

या शेवटच्याबद्दल थोडं थांबून बोलतो. आपल्या घरांत मूल उशिरा बोललं, अक्षरं उलटी लिहू लागलं, तर ते चारचौघांत बोललं जात नाही. तिकडे कायद्याने अशा मुलाला खास मदतीचा हक्क आहे. शाळा आणि आईवडील बसून आयईपी, म्हणजे त्या मुलापुरता आराखडा, तयार करतात. तो आराखडा मन लावून करायचा की पालकांना वकील गाठायला लावायचं, यात वरच्या माणसाची वृत्ती दिसते. तेव्हा उमेदवाराला हा प्रश्न विचाराच. तुमचं मूल ठणठणीत असलं तरी विचारा. शेजारच्या घरातल्या आईला तो विचारायचा धीर नसेल.

अर्ज कुणाकुणाचे आले हे बऱ्याच ठिकाणी गुप्त ठेवतात. शेवटचं एक किंवा दोन-तीन नावंच बाहेर येतात. टेक्सासमध्ये अंतिम नाव जाहीर झाल्यावर निदान २१ दिवस थांबावं लागतं, मगच नेमणूक. ते दिवस फार मोलाचे असतात. वाया घालवू नका.

आपल्याकडे स्थळ आलं की मुलाच्या गावात कोण ओळखीचं आहे ते आपण हुडकून काढतो. तेच इथे करा. उमेदवार आधी ज्या गावात होता तिथे मराठी घर असण्याची शक्यता बरीच आहे. महाराष्ट्र मंडळात विचारा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात भेटलेलं कुणी आठवा. फोन करून साधं विचारा, माणूस कसा होता? मुलं आणि शिक्षक त्याच्याबद्दल काय म्हणायचे? मुदत संपायच्या आधीच का निघाला? त्या गावच्या स्थानिक वर्तमानपत्रात त्याचं नाव शोधा. त्या डिस्ट्रिक्टच्या सभांची टिपणं बहुधा वेबसाइटवर असतात, ती चाळा.

पदव्यांवर भुलू नका. आयोवा राज्यातल्या डे मॉइन डिस्ट्रिक्टने २०२३ साली एक सुपरिंटेंडेंट नेमला. २०२५ मध्ये त्याला इमिग्रेशनच्या लोकांनी अटक केली. मग बाहेर आलं की ज्या विद्यापीठाची डॉक्टरेट तो सांगत होता, ती त्याला मिळालेलीच नव्हती. उमेदवार शोधायला डिस्ट्रिक्टने बाहेरची कंपनी लावली होती, तरीही हे घडलं.

मार्कांवर तर अजिबात भुलू नका, आणि हे मी मराठी पालकांना मुद्दाम सांगतो. अटलांटाच्या सुपरिंटेंडेंट बेव्हर्ली हॉल यांना २००९ साली देशातल्या उत्तम सुपरिंटेंडेंटचा मान मिळाला. गरीब वस्त्यांतल्या शाळांचे निकाल झपाट्याने वर गेले होते. २०११ मध्ये राज्याच्या चौकशीत दिसलं की ४४ शाळांत उत्तरपत्रिकांमध्ये फेरफार झाले होते. १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावं त्यात आली. हॉल यांनी आरोप नाकारले, आणि खटला चालण्याआधीच २०१५ मध्ये त्या वारल्या. अकरा जण दोषी ठरले. ज्या मुलांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली, ती कागदावर पास झाली. त्यांना वाचता येत नाही, हे मात्र तसंच राहिलं, आणि पास मुलाला जादा शिकवणी कोण देणार?

म्हणून उमेदवार म्हणाला, माझ्याकडे निकाल इतके वाढले, तर हसून विचारा, कसे वाढले?

आणखी एक प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. ‘मागच्या ठिकाणी पैसे कमी पडले तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी काय कापलंत?’ उत्तर ऐका. संगीत, बस, वाचनालय, की ऑफिसातली माणसं? माणूस गोलगोल बोलू लागला तर तेही उत्तरच समजा.

सभेत बोलायला बहुधा तीनेक मिनिटं मिळतात. नाव सांगा, गाव सांगा, एकच मुद्दा मांडा. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या. उच्चारांची लाज बाळगू नका. टॅक्स भरताना तुमचे उच्चार कुणी तपासले नव्हते. ‘आमची मुलं हुशार आहेत’ ही सुरुवात मात्र टाळा. हॉलमधल्या बाकीच्यांना ते झोंबतं, आणि त्यांची मुलंही त्याच शाळेत आहेत.

उमेदवार भारतीय वंशाचा असेल तर आनंद होणारच. व्हायलाही हवा. पण चौकशी तेवढीच करा. आडनाव ओळखीचं आहे म्हणून बस येत नाही. बोर्डाच्या निवडणुकीलाही हेच लागू. व्हॉट्सॲपवर एखाद्या उमेदवाराबद्दल काही भयंकर आलं, तर ते कुठून आलं हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नका. उद्या तोच माणूस तुमच्या मुलाच्या डिस्ट्रिक्टचा प्रमुख असू शकतो.

दिवाळीला शाळेला सुट्टी मिळावी म्हणून बोर्डाच्या सभेला आपली माणसं जमतात. छान आहे, एडिसनमध्ये ती मिळालीही. पण सुट्टीच्या रात्री पुढच्या रांगेत बसलेले लोक बजेटच्या रात्री मला फारसे दिसत नाहीत, आणि हे मला खटकतं.

नेमणूक झाली की करार मागून घ्या. तो जाहीर कागद आहे. न्यू जर्सीत सुपरिंटेंडेंटचा करार तीन ते पाच वर्षांचा असतो. पगार किती, मुदतीआधी काढलं तर किती पैसे द्यावे लागतील, हे सगळं त्यात असतं. नंतर माणूस पटला नाही, तर त्याला घरी पाठवण्याचा खर्चही तुमच्याच टॅक्समधून जातो.

शेवटी तारखा. न्यू जर्सीत बहुतेक गावांत बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरमध्ये असते. सभासद तीन वर्षांसाठी निवडले जातात आणि त्यांना पगार नसतो, तेव्हा त्यांच्याशी बोलताना जरा गोड बोला. बजेटचा पहिला आराखडा मार्चमध्ये येतो. जाहीर सुनावणी एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला. तारीख डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर बघा आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. त्या दिवशी दोघांपैकी एकाने लवकर घरी यायचं, आणि दुसऱ्याने सभेला जायचं.