टाकाऊ हवंय, पण नवं!

आमचा माळा या सदराच्या वाचकांना नवा नाही. तिथल्या मोडक्या छत्र्यांची आणि बंद घड्याळांची वकिली मी इथे अनेकदा केली आहे. त्यामुळे शेजारच्या सूनबाई चौथीतल्या चिरंजीवांना घेऊन 'टाकाऊतून टिकाऊ' प्रकल्पासाठी सामान मागायला आल्या, तेव्हा मी हरखलोच. अख्खं खोकं पुढ्यात ओतलं. त्यांनी बोटाच्या टोकाने चाळलं आणि म्हणाल्या, ''काका, हे अगदीच टाकाऊ आहे हो!''

पोरगं मात्र एका गजराच्या घड्याळाला चिकटलं होतं. ''आजोबा, उघडू?'' असं विचारतंय तोवर आईने दंड धरला. ''ते प्रकल्पात नाहीये.''

मग स्टेशनरीवाल्याकडून आइसक्रीमच्या काड्यांचं कोरं पाकीट आलं, चमकीचा कागद आला. रिकामी बाटली हवी म्हणून भरलेली आणून घरादाराला सरबत पाजलं. रात्री अकरापर्यंत आई-बाबा पवनचक्की चिकटवत होते. चिरंजीव केव्हाच झोपले होते.

खरा प्रतिभावंत तो स्टेशनरीवाला. कुठल्या शाळेत कधी काय मागणार, त्याला तोंडपाठ. ''चौथी ना? पवनचक्की. पाचवीला ज्वालामुखी.'' तयार मालही ठेवतो. वर अदबीने विचारतो, ''जरा वाकडं चिकटवून देऊ? मुलानं केल्यासारखं दिसेल!'' अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीवर या माणसाला घ्यायला हवं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सर्जनशीलतेचा उदंड गजर आहे. पण ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं गावाला परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. तिला नावही कुरणशाळा. काड्यांचं पाकीट कुणी विकत आणल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या शेजारच्या पवनचक्कीला वर्गात पहिला नंबर मिळाला. बाबा पेढे घेऊन आले होते. हक्काचेच म्हणायचे, मेहनत त्यांचीच होती.

तेव्हा बाई आणि सर, एक विनंती. हे प्रकल्प वर्गातच करून घ्या, तासालाच, हाताशी असेल त्यातून. पवनचक्की फिरली नाही तरी मार्क द्या. पालकांनी चौथी एकदा पास केलेली आहे.