हाक सर्वांची, पत्ता घरचा

२००४ सालच्या २६ डिसेंबर रोजी त्सुनामीच्या लाटांनी अंदमान-निकोबार बेटे झोडपून काढली, ते तुम्हांस स्मरत असेल. त्या सुमारास हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ ह्या संस्थेच्या वतीने श्रीमती भारती प्रसाद व त्यांचे सोबती पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. परदेशच्या हौशी रेडिओचालकांशी संभाषण करावे, एवढाच त्यांचा हेतू. परंतु टेलिफोन मुके झाले, आणि बेटावरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील आप्तांना ह्याच मंडळींच्या बिनतारी यंत्रावरून कळू लागली.

अशा रेडिओचालकांस 'हॅम' म्हणतात. हा छंद असला तरी सरकारची परीक्षा दिल्याखेरीज करता येत नाही. उत्तीर्ण झालेल्यास परवाना आणि एक कॉलसाइन मिळते. आपल्या देशातील बहुतेक कॉलसाइन 'व्हीयू' ह्या अक्षरांनी सुरू होतात. बोलताना ती पुन्हा पुन्हा उच्चारावी लागते. अमेरिकेत दर दहा मिनिटांनी एकदा व शेवटी एकदा, असा दंडकच आहे. संभाषणाचा अर्थ लपविण्यासाठी सांकेतिक भाषा वापरण्यास मनाई असते. आकाशातील लहरी सर्वांच्या मालकीच्या, तेव्हा त्यांवर कोण बोलतो हे सर्वांना कळावे, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे.

प्रश्न निराळाच आहे. कॉलसाइन जगजाहीर असावी. पण ती धारण करणाऱ्याच्या घराचा पत्ताही जगजाहीर असावा काय?

अमेरिकेत तो तसा आहे. तेथे सात लाखांहून अधिक परवानाधारक आहेत. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन ह्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर कोणीही कॉलसाइन टाकावी, की धारकाचे नाव आणि टपालाचा पत्ता समोर येतो. इतकेच नव्हे, तर सारी यादी एकगठ्ठा उतरवून घेण्याचीही सोय आहे, आणि खाजगी संकेतस्थळे तशी ती घेतातही. घरच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्सचा क्रमांक देण्याची मुभा आहे खरी. पण ही युक्ती उशिरा सुचली तर पूर्वीच्या अर्जांतील पत्ता जुन्या नोंदींत तसाच राहतो. आणि ज्यांनी यादी आधीच उतरवून घेतली, त्यांच्याकडून तो परत कोण आणणार? त्या देशात ह्या परवान्यास वयाची किमान अट नाही. आठ-नऊ वर्षांची मुले परीक्षा उत्तीर्ण होतात, आणि आईबापांनी वेळीच सावधगिरी बाळगली नाही तर त्या लेकराचे नाव व घर त्याच उघड्या यादीत जाऊन बसते. घरात एकट्या राहणाऱ्या स्त्रीचेही तेच. तिचा आवाज तर परक्याने ऐकलेलाच असतो.

ह्या प्रथेचे मूळ दुष्ट नव्हते, हे सांगणे न्यायाचे होईल. दूरदेशी संभाषण झाले म्हणजे हे लोक एकमेकांस आठवणीचे कार्ड टपालाने पाठवितात. त्यासाठी पत्ता हवा. कोणी लहरींवर धिंगाणा घातला तर त्यास शोधून काढावयास हवे. म्हणून पूर्वी पत्त्यांचे छापील पुस्तक निघत असे. परंतु ते पुस्तक पैसे मोजून छांदिष्टच घेत. आज तीच माहिती कोणाही रिकामटेकड्यास घरबसल्या, फुकट आणि क्षणात मिळते. अक्षरे तीच, परिणाम तो नव्हे. आमच्याही कपाटात घरोघरच्या नावांची वही आहे. तिची नक्कल कोणी मागितली, तर ती कशासाठी हवी हे आम्ही आधी विचारतो.

मोटारगाडीचे पाहा. क्रमांकाची पाटी साऱ्या रस्त्याला दिसते, पण मालकाचा पत्ता आरटीओच्या दप्तरात राहतो. अपघात झाला तर पोलीस तो काढतात. कॉलसाइन ही आकाशातील पाटीच होय. आठवणीच्या कार्डांचे म्हणाल, तर निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळांनी त्यांसाठी वाटपकेंद्रे चालविली आहेत. तेथे कॉलसाइनवरूनच कार्डे वेगळी केली जातात.

जर्मनीने ह्यातून मध्यम मार्ग काढला आहे. तेथील सरकारी यादीत नाव व पत्ता छापला जातो, परंतु धारकाने हरकत घेतली की ते गाळून केवळ कॉलसाइन आणि परवान्याचा वर्ग ठेवतात. २५ मे २०१८ पासून युरोपात लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमावलीनेही हरकत घेण्याच्या हक्कास बळ दिले आहे. आमच्या मते तरी हा क्रम उलटा हवा होता: ज्यास पत्ता छापून हवा, त्याने तसे कळवावे. हरकत घेता येते हेच पुष्कळांना ठाऊक नसते, आणि मुलांना तर नसतेच.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, व त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. मात्र त्यात एक खिंड आहे. जी माहिती कायद्याच्या बंधनामुळे सार्वजनिक करावी लागते, तिला हा कायदा लागू होत नाही. उद्या एखाद्या नियमाने परवानाधारकांचे पत्ते प्रसिद्ध करणे बंधनकारक केले, तर त्या पत्त्यांपुरते हे संरक्षण आपोआप गळून पडेल. म्हणून असा नियम लिहू घातला गेलाच, तर त्यात 'कॉलसाइन' ह्या शब्दापुढे 'व निवासाचा पत्ता' हे शब्द येतात की नाही, तेवढे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.